संमतीपत्रावर सही करण्यापूर्वीचे अकरा आठवडे

हृदयाच्या स्नायूंची भिंत जाड होत जाण्याचा आजार मला आहे, हे निश्चित झाल्यावर डॉक्टरांनी माझी जनुकीय तपासणी करून घेतली. अहवालाच्या दुसऱ्या पानावर एकच ओळ ठळक अक्षरांत होती : ‘आढळलेल्या बदलाचा अर्थ अनिश्चित.’ स्नायूंतील एक प्रथिन घडवणाऱ्या जनुकात माझ्याकडे एका अक्षराचा फरक होता. पण तो फरकच आजाराचे मूळ आहे की निरुपद्रवी वेगळेपण आहे, हे सांगण्याइतका पुरावा उपलब्ध नव्हता. माझे वडील ४२ व्या वर्षी अकस्मात गेले आणि त्यांची अशी कोणतीच तपासणी कधी झाली नव्हती. त्यामुळे निदानाने जितके अस्वस्थ केले नव्हते, तितके मला त्या एका ओळीने केले.

अशा बदलाचा अर्थ मुख्यतः तुलनेतून उलगडतो. तोच बदल असलेली आणखी माणसे सापडली, त्यांच्यात आजार किती जणांना आहे आणि किती जणांना नाही हे कळले, तर कधीतरी ‘अनिश्चित’ हा शब्द खोडता येतो. जगातील जनुकीय माहितीसंग्रहांत युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा फार मोठा आहे आणि इतर वंशांच्या लोकांच्या अहवालांत हा शब्द अधिक वेळा येण्यामागे तेही एक कारण आहे. म्हणूनच, माझा संपूर्ण जीनोम, म्हणजे शरीरातील सगळा डीएनए, वाचून तो वैद्यकीय नोंदींसह संशोधकांच्या सामाईक संग्रहात ठेवण्यास मी संमती देईन का, असे विचारले गेले, तेव्हा मी क्षणाचाही विचार न करता होकार दिला. समन्वयक बाईंनी मात्र पेन पुढे केले नाही. अठरा पानांचे संमतीपत्र माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, “घरी न्या, सावकाश वाचा, आणि सहीची तारीख आत्ता ठरवू नका.”

मी ते पेन्सिल घेऊन वाचले. पहिल्या वाचनात तीन ठिकाणी रेघ ओढली गेली, आणि पुढचे अकरा आठवडे त्या तीन रेघांभोवतीच गेले.

पहिली रेघ होती ‘ओळख पटवणारी माहिती काढून टाकली जाईल’ या वाक्याखाली. नाव, पत्ता आणि जन्मतारीख काढून त्यांच्या जागी एक सांकेतिक क्रमांक येणार होता. नावाच्या बाबतीत हे ठीक आहे, पण जीनोममधून ओळख काढणार म्हणजे काय काढणार, हा प्रश्न मी जनुकीय समुपदेशकांना विचारला. त्यांनी उत्तर झाकून ठेवले नाही, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. संदर्भ म्हणून वापरल्या जाणाऱ्या जीनोमपेक्षा प्रत्येक माणसाचा जीनोम ४० ते ५० लाख ठिकाणी वेगळा असतो. आणि एक माणूस इतरांपासून निश्चितपणे वेगळा ओळखायला योग्य निवडलेली ३० ते ८० स्वतंत्र स्थाने पुरतात, असे २००४ मध्येच मांडले गेले होते. म्हणजे ज्याच्याकडे माझ्या डीएनएचा दुसरा नमुना असेल, त्याला माझे नाव खोडलेले असण्याने काहीच अडणार नाही. २०१३ मध्ये तर संशोधकांच्या एका गटाने दुसरा नमुना हाताशी नसतानाही हे करून दाखवले. संशोधनासाठी खुल्या ठेवलेल्या निनावी जीनोममधील, आडनावाप्रमाणेच वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरच्या खुणा त्यांनी वंशावळी शोधणाऱ्या हौशी लोकांच्या सार्वजनिक संग्रहांशी ताडून पाहिल्या, त्यावरून आडनावांचा अंदाज बांधला, त्याला वय आणि राहण्याचे राज्य यांची जोड दिली आणि सुमारे ५० जणांची ओळख पटवली. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना धोका दाखवून द्यायचा होता. परंतु त्यानंतर ‘निनावी’ हा शब्द पूर्वीच्या निश्चिंतपणे वापरता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ओळख पटण्याची शक्यता कमी केली जाईल, असे लिहिणे खरे ठरले असते. काढून टाकली जाईल, हे नव्हे.

दुसरी रेघ होती ‘या व अन्य संशोधनासाठी’ या चार शब्दांखाली, आणि माझा सर्वाधिक वेळ इथेच गेला. उद्या कोणते प्रश्न विचारले जातील हे आज कोणालाच ठाऊक नसते, म्हणून व्यापक संमती मागण्यामागे प्रामाणिक गरज आहे, हे मला मान्य आहे. तरीही अमेरिकेतील हवासुपाई या आदिवासी समाजाचा अनुभव मला बाजूला सारता आला नाही. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण फार होते. तो का होतो हे कळेल या आशेने त्यांनी १९९० पासून एका विद्यापीठाच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनियाचा आणि त्यांचे पूर्वज कोठून आले याचाही अभ्यास झाला. हा समाज आपल्या उगमाविषयी जे परंपरेने मानत आला, त्यालाच हे दुसरे संशोधन छेद देत होते. प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०१० मध्ये विद्यापीठाने ७,००,००० डॉलर देऊन व उरलेले नमुने परत करून तडजोड केली. त्या लोकांनी सह्या केल्या होत्या आणि त्या कागदावरची भाषाही व्यापकच होती. परंतु सही करताना त्यांच्या मनात जे होते, ते त्या कागदात मावले नव्हते.

माझ्या मनात काय होते? मला एका बदलाचा अर्थ हवा होता. हे मी समुपदेशकांना सांगितले, तेव्हा त्यांनी जे समजावले ते संमतीपत्रात कोठेही लिहिलेले नव्हते. एखाद्या बदलाचा अर्थ लागावा म्हणून तेवढाच बदल, आजाराच्या थोडक्यात वर्णनासह, क्लिनव्हारसारख्या सार्वजनिक संग्रहात नोंदवता येतो. २०१३ पासून सुरू असलेल्या त्या संग्रहात जगभरच्या प्रयोगशाळा अशा नोंदी करतात. त्यासाठी संपूर्ण जीनोम देण्याची गरज नसते. संपूर्ण जीनोम उपयोगी पडतो तो बहुतांशी इतरांच्या, आज न सुचलेल्या प्रश्नांसाठी. म्हणजे ज्यासाठी मी होकार दिला होता ते काम आणि ज्यावर माझी सही मागितली जात होती ती गोष्ट, या दोन वेगळ्या होत्या. दोन्हींना होकार देता येतो, पण त्या वेगळ्या आहेत हे कळूनच तो दिला पाहिजे.

त्याच भेटीत त्यांनी कोऱ्या कागदावर आमची वंशावळ काढली. पुरुषांना चौकोन, स्त्रियांना वर्तुळ. वडिलांच्या चौकोनावर एक तिरपी रेघ, कारण ते हयात नाहीत. माझे वर्तुळ पूर्ण भरलेले आणि त्याच्याकडे बोट दाखवणारा एक बाण. थोरल्या बहिणीचे वर्तुळ आणि धाकट्या भावाचा चौकोन रिकामे. मग त्यांनी पेन्सिलीचे टोक त्या रिकाम्या चौकोनावर ठेवून विचारले, “यांना तुम्ही सांगितले आहे का?”

मी सांगितले नव्हते. सख्ख्या भावंडांचा निम्मा डीएनए सरासरीने सारखा असतो आणि आई-वडिलांशी तर निम्मा असतोच. तेव्हा मी माझा जीनोम देते, त्या वेळी भावंडांविषयीही पुष्कळ काही देत असते. हेन्रिएटा लॅक्स या कर्करोग झालेल्या अमेरिकी महिलेच्या बाबतीत हा प्रश्न जगासमोर आला होता. त्यांच्या गाठीतून १९५१ मध्ये त्यांना न विचारता घेतलेल्या पेशी पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या गेल्या, आणि २०१३ मध्ये त्या पेशींचा जीनोम त्यांच्या वारसांना न विचारताच प्रसिद्ध झाला. आक्षेप आल्यावर तो मागे घेण्यात आला, आणि त्यानंतर झालेल्या समझोत्यानुसार ती माहिती वापरू इच्छिणाऱ्यांच्या अर्जांचा विचार करणाऱ्या समितीत कुटुंबीयांनाही स्थान मिळाले. माझ्या अठरा पानांत मात्र नातेवाइकांसाठी एकही रकाना नव्हता.

त्या रविवारी आम्ही तिघे बसलो. ताईने संमतीपत्र चाळले आणि म्हणाली, “अगं, दे ना सगळं. उद्या माझ्या मुलीला काही निघालं तर तिला तरी ‘अनिश्चित’ असं वाचायला लागू नये.” भाऊ बराच वेळ बोलला नाही. त्याने तपासणी करून घेतलेली नाही आणि त्याला ती करायची नाही. त्याची तपासणी झाली असती, तर हा बदल आमच्या घरात आजाराबरोबर चालतो की नाही हे कळायलाही मदत झाली असती. पण आपल्याविषयी न जाणण्याचा त्याचा हक्क माझ्या जिज्ञासेपेक्षा लहान नाही. शेवटी तो मला म्हणाला, “ताई, तुझं नाव कळलं म्हणजे माझं कळलंच की. मी आयुर्विमा काढायला गेलो आणि त्यांनी विचारलं तर?” ही भीती अनाठायी नव्हती. जनुकीय माहितीवरून भेदभाव होऊ नये म्हणून अमेरिकेने २००८ मध्ये केलेला कायदासुद्धा आरोग्यविमा आणि नोकरी यांपुरताच आहे. आयुर्विमा त्यात येत नाही. तिघांचे एकमत त्या दिवशी झाले नाही, आणि ते व्हावे असा हट्टही मी धरला नाही.

तिसरी रेघ माघारीच्या कलमाखाली होती. ‘सहभागी व्यक्ती कधीही संमती मागे घेऊ शकते’ हे वाक्य ठसठशीत होते. ‘मात्र आधीच वितरित झालेली माहिती परत घेता येणार नाही’ हे पुढचे वाक्य त्याच परिच्छेदाच्या शेवटी दडले होते. मी लेखी विचारले : मूळ प्रत पुसली जाते का, रक्ताचा उरलेला नमुना नष्ट होतो का, ज्यांनी माहिती उतरवून घेतली त्यांना कळवले जाते का, आणि प्रकल्पच बंद पडला तर ती कोणाच्या हाती जाते? हा शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. सुमारे दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती बाळगणाऱ्या ट्वेंटीथ्रीअँडमी या कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला, तेव्हा त्या माहितीचे काय होणार हा प्रश्न त्या साऱ्यांसमोर उभा राहिलाच. माझ्या पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्राला आले ते छापील होते. तिसरे पत्र मी नैतिकता समितीच्या सचिवांच्या नावे पाठवले, आणि तेव्हा कोठे चारही प्रश्नांची वेगवेगळी, सहीची उत्तरे मिळाली. समितीकडे थेट लिहिता येते, हे संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर लहान अक्षरांत दिलेले असते. मी ते पान आधी वाचायला हवे होते.

अकराव्या आठवड्यात मी सही केली. तो एक बदल सार्वजनिक संग्रहात नोंदवायला होकार दिला. जीनोम खुल्या संग्रहात ठेवण्यास नकार दिला. जिथे प्रत्येक संशोधकाला अर्ज करावा लागतो आणि समिती तो तपासते, अशा नियंत्रित संग्रहालाच परवानगी दिली. केवळ व्यापारी वापराला नाही म्हटले. वंशावळीतून जन्मवर्षे काढायला लावली आणि वडिलांच्या मृत्यूचे वय ‘४० ते ४५’ असे लिहून घेतले. संशोधनाला तेवढे पुरते आणि घर ओळखू येण्याचा एक धागा कमी होतो. भावंडांशी कोणीही परस्पर संपर्क साधू नये, हे वाक्य मी हाताने लिहिले आणि समन्वयक बाईंनी त्याखाली आद्याक्षरे केली. भावाला मी आदल्या रात्री हे सगळे वाचून दाखवले होते. त्याने ‘हो’ म्हटले नाही. “इतकं चालेल” एवढेच म्हणाला.

आता वर्षातून एकदा मला पत्र येते आणि माझी माहिती कोणकोणत्या अभ्यासांसाठी दिली गेली, हे त्यात लिहिलेले असते. पहिल्या पत्रात दोन अभ्यास होते, दोन्ही हृदयाचे. मी ते दोघांनाही पाठवले. ताईने त्याच दिवशी फोन केला. भावाचे उत्तर चार दिवसांनी आले : “वाचलं. पुढच्या वर्षीचंही पाठव.” माझ्या अहवालातली ती ओळ अजून बदललेली नाही.