तुम्ही विचारलंत म्हणून : स्वेटरच्या पैशावर काढलेलं मासिक

मासिकाची मांडणी शिकायची आहे, एखादं पुस्तक सुचवा, असं कोणी म्हटलं की मी 'टिबोर कालमन : पर्व्हर्स ऑप्टिमिस्ट' पुढे करते. पीटर हॉल आणि मायकेल बेरूट यांनी संपादित केलेलं, १९९८ साली आलेलं, चारशेहून जास्त पानांचं जाडजूड प्रकरण आहे ते. एका डिझायनरचं जवळजवळ सगळं काम एका जागी आणलेलं. लोक उत्साहाने पानं उलटतात, 'कलर्स' मासिकाच्या भागापाशी थबकतात आणि विचारतात, "याला तुम्ही सामाजिक भान असलेला डिझायनर म्हणता, आणि मासिक तर बेनेटनचं. म्हणजे स्वेटर विकायलाच ना?"

हो, स्वेटर विकायलाच. ते आधीच मान्य करून टाकते. बेनेटन ही इटलीतली कपड्यांची कंपनी. १९९१ मध्ये तिने 'कलर्स' सुरू केलं. पैसा तिचा, आणि तिच्या गाजलेल्या जाहिराती करणारा छायाचित्रकार ऑलिव्हिएरो तोस्कानी हा त्यामागचा कर्ता माणूस. कालमन पहिला संपादक. डिझायनरला थेट संपादकाच्या खुर्चीत बसवलं होतं, ही गोष्ट मात्र प्रश्न विचारणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. माझ्या मते सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे.

कालमन मूळचा बुडापेस्टचा, जन्म १९४९. हंगेरीतल्या १९५६ च्या उठावानंतर कुटुंब अमेरिकेत आलं. न्यूयॉर्क विद्यापीठात असताना तो डाव्या विद्यार्थी चळवळीत ओढला गेला, शिक्षण अर्धवट टाकलं आणि क्यूबात ऊसतोडणीलासुद्धा जाऊन आला. पुढे काय केलं? एका पुस्तकांच्या दुकानात लागला, तिथली सजावट आणि जाहिराती करता करता डिझाइन शिकला, आणि १९७९ मध्ये 'एम अँड कंपनी' हा स्वतःचा स्टुडिओ काढला. सुरुवातीचे क्लायंट म्हणजे बँका आणि मोठमोठी दुकानं. ऊस तोडून आलेला माणूस बँकेची माहितीपत्रकं करतोय! तेव्हा तुमचा आक्षेप त्याला नवीन नव्हता. तो त्याच पेचात आयुष्यभर राहिला.

त्या पेचातून त्याने काढलेली वाट पुस्तकात एका लहानशा गोष्टीत दिसते. नाताळला स्टुडिओतर्फे क्लायंटना भेटी जायच्या. १९९० च्या नाताळला गेला एक पुठ्ठ्याचा खोका. त्यात बेघरांच्या निवाऱ्यात मिळतं तसं जेवण : सँडविच, बिस्किटं, चॉकलेट. सोबत असं की तुम्ही बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जेवढी देणगी द्याल, तेवढीच आम्ही घालू. पुढच्या वर्षी गरिबीबद्दलची माहिती असलेलं पुस्तक, सोबत वीस डॉलर आणि दुसऱ्या एका संस्थेचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. आता ते वीस डॉलर खिशात घाला नाहीतर पाठवा. मला ही कल्पना जाम आवडते, कारण यात उपदेशाचं एक अक्षर नाही, आणि तरी घेणाऱ्याची पंचाईत झालीच आहे. ज्याच्याकडून बिल वसूल करायचं त्यालाच हे पाठवायचं, याला हिंमत लागते. आणि थोडा आगाऊपणाही.

'कलर्स'मध्ये त्याने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. १९९३ चा चौथा अंक वंशभेदावर होता. त्यातली काही चित्रं तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असतील : राणी एलिझाबेथ कृष्णवर्णीय, श्वार्झनेगर कृष्णवर्णीय, पोप आशियाई, आणि कृष्णवर्णीय अमेरिकी चित्रपट दिग्दर्शक स्पाइक ली गोरा. शीर्षक एवढंच की, असं असतं तर? शिकणाऱ्यांना मी इथे थांबवते. चित्रात विडंबन कुठे आहे ते दाखवा म्हणते. सापडत नाही. कातडीचा रंग, नाक, ओठ बदललेत, पण बाकी चित्र एखाद्या कार्यालयाच्या भिंतीवर टांगण्याइतकं सरळ ठेवलंय. भडक टाइप नाही, तिरकी चौकट नाही. मांडणीने हात आखडता घेतलाय म्हणून आपणच आपल्या डोक्यात काय चाललंय ते तपासायला लागतो. एखाद्या हौशी मांडणीकाराने तिथे लाल रंगाचं उद्गारचिन्ह ठोकलं असतं आणि सगळा परिणाम घालवला असता.

आता बेनेटनची दुसरी बाजू बघा. १९९२ मध्ये कंपनीने थेरेस फ्रेअर हिने टिपलेला एक फोटो जाहिरातीत वापरला. एड्सने मरणासन्न झालेला डेव्हिड कर्बी, त्याला कवटाळून बसलेले वडील. मूळ कृष्णधवल फोटोला रंग चढवलेला, आणि एका कोपऱ्यात कंपनीचा हिरवा चौकोन. कुटुंबाची संमती होती, तरी एड्सग्रस्तांसाठी झगडणारे कार्यकर्ते खवळले, आणि मला विचाराल तर त्यांचं बरोबर होतं. त्या पानावर तो चौकोन सोडून दुसरा शब्द नाही. रोगाबद्दल काही कळत नाही, काय करायचं ते कळत नाही. कंपनीचं नाव तेवढं लक्षात राहतं.

दोनच वर्षांनी 'कलर्स'चा सातवा अंक एड्सवर निघाला. कंपनी तीच, विषयही तोच. पण इथे मजकूर होता. आणि अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं चेहऱ्यावर एड्सचे व्रण दाखवलेलं चित्र, सोबत काल्पनिक मृत्युलेख : एड्सविरुद्ध तातडीने पावलं उचलणारा नेता गेला. रेगन तेव्हा जिवंत होते, आणि त्यांच्या सरकारने त्या साथीकडे काणाडोळा केल्याची चीड लोकांच्या मनात ताजी होती. स्तुती करून माप काढणं म्हणतात ते हेच. तरी हे पान मला आजही पुरतं पचत नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर रोगाचे डाग काढताना तो रोग ज्यांना खरोखर झालाय त्यांच्या चेहऱ्यालाही आपण शिक्षेची खूण करतो की काय, असं वाटतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रेगन यांनी आपल्याला अल्झायमर झाल्याचं जाहीर केलं, तो निव्वळ योगायोग, पण त्यानंतर ते पान आणखी जड झालं. शिकणाऱ्यांत यावरून भांडणं होतात. होऊ देते.

पुस्तकाबद्दल एक तक्रार आहेच. मासिक हातात धरून एकामागून एक पान उलटत वाचायची गोष्ट आहे, आणि संकलनात त्याची सुटी जोडपानं लहान करून लावली जातात. 'कलर्स' द्वैभाषिक होतं, इंग्रजीच्या जोडीला आणखी एक भाषा. म्हणजे मजकुराला निम्मीच जागा, आणि चित्राला दुप्पट काम. हा दाब छोट्या केलेल्या पानात जाणवत नाही. तिथे ते नुसतं देखणं दिसतं. तेराव्या अंकाचं तर सर्वांत वाईट होतं. त्या अंकात एकही शब्द नव्हता, नुसती चित्रं, आणि सगळी गंमत एका चित्रानंतर कोणतं येतं यात. त्याची चार पानं काढून दाखवली की काय दाखवणार? तो कालमनचा शेवटचा अंक. मासिकासाठी तो रोमला राहत होता; कर्करोगामुळे १९९५ मध्ये तिथून न्यूयॉर्कला परतला आणि पुस्तक आल्यानंतर काही महिन्यांनी, मे १९९९ मध्ये, गेला. म्हणून जमलं तर जुना एखादा अंक मिळवाच, आणि पुस्तक त्याच्या शेजारी ठेवून बघा.

आणि हो, यानंतर ठरलेला पुढचा प्रश्न : मग आमच्या अंकात कंपनीची जाहिरात घ्यावी की नाही? खुशाल घ्या, कागदाचं आणि छपाईचं बिल कोणीतरी भरायलाच हवं. फक्त जाहिरातीच्या समोरच्या पानावर काय जाईल हे कोण ठरवणार, ते पैसे घ्यायच्या आधी लिहून घ्या. तिथे जाहिरातदाराचं नाव आलं, तर मांडणीसाठी मला बोलावू नका.