तासगावच्या द्राक्षबागेतला पान-ओलावा सेन्सर: छाटणीनंतरची नोंद

मंडळी, फळछाटणी झाली, नवी पालवी फुटली आणि पान किती वेळ ओलं राहतं ते मोजणारा, घरीच बनवलेला सेन्सर काकांच्या बागेत मांडवाखाली बसला.

आर्द्रतेचा तयार सेन्सर असताना हा खटाटोप का, ते आधी सांगतो. निरभ्र रात्री पान आपली उष्णता आकाशाकडे सोडतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतं. त्यामुळे हवेतली आर्द्रता १०० टक्क्यांना पोचलेली नसतानाही पानावर दव धरतं. डावणी (डाउनी मिल्ड्यू) या द्राक्षावरच्या रोगाची बुरशी पानाच्या खालच्या अंगाच्या छिद्रांतून आत शिरते आणि तिथवर पोचायला तिला पाणीच लागतं. मोजायचं ते हेच, पान किती तास ओलं राहिलं.

सेन्सर म्हणजे कॉपर क्लॅडवर (तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या सर्किट बोर्डावर) एकमेकांना न शिकता दातात दात घातलेल्या तांब्याच्या दोन फण्या; पाण्यानं त्या जोडल्या गेल्या की करंट वाहतो. लेझर प्रिंटरच्या टोनरची छाप इस्त्रीनं उठवली, बाकीचं तांबं फेरिक क्लोराईडनं खाल्लं. वरून पांढऱ्या लेटेक्स रंगाचा पातळ हात दिलाय, त्यानं दवाचे बारीक थेंब सुटे न राहता पसरतात. पट्टी ४५ अंशांत कलती, तोंड उत्तरेला, म्हणजे थेट ऊन कमी लागतं.

सतत डीसी दिला की एका फणीचं तांबं झिजत जातं. म्हणून ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर चिपच्या दोन पिना आलटून पालटून हाय-लो करतो, दोन्ही दिशांना सारखाच वेळ, तोही काही मिलिसेकंद. बाकी वेळ फण्यांवर व्होल्टेजच नाही.

खरी गंमत बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण फवारल्यावर आली. काका म्हणाले, “भर दुपारी ऊन असताना पण ओलंच दाखवतंय की हे!” मोरचूद आणि चुन्याचा थर फण्यांवर बसतो आणि कोरड्या पट्टीतूनही थोडा करंट वाहतो. त्यामुळे ठरावीक आकड्यावर ओलं-कोरडं ठरवणं सोडून दिलं. आता रोज दुपारचं सगळ्यात कोरडं वाचन हाच त्या दिवसाचा पाया, रात्रीचं वाचन त्याच्याशी ताडायचं. शिवाय फवारणीनंतर पट्टी साध्या पाण्यानं धुवायची. माझ्या मते बागेत लावायच्या कुठल्याही सेन्सरची परीक्षा टेबलावर होत नाही, ती फवारणीनंतरच होते.

वीज: डीप स्लीपमध्ये, म्हणजे दोन वाचनांमधल्या गाढ झोपेत, ईएसपी३२ ची चिप १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते, पण डेव्हलपमेंट बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) एकटाच काही मिलिअँपिअर खातो. तो काढून एमसीपी१७०० हा कमी खाणारा रेग्युलेटर लावला. त्याची मर्यादा २५० मिलिअँपिअर, वाय-फायला अपुरी. म्हणून वाय-फाय बंद आणि निरोप लोरा या कमी विजेच्या लांब पल्ल्याच्या रेडिओवरून, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात. एक १८६५० आकाराचा लिथियम सेल आणि छोटं सोलर पॅनेल एवढ्यावर चाललंय.

पुढचा सेन्सर बागेच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात लावणार. तिथलं दव सगळ्यात उशिरा उडतं. तोवर काका पहाटे पान बोटानं तपासून वेळ वहीत लिहितायत, ती सेन्सरच्या नोंदींशी जुळवतोय.