एका चर्चचे अनेक भाडेकरू

'तुमच्याकडे नेदरलँड्समध्ये चर्चं विकायला काढलीत म्हणे?' घरून फोन आला की कुणी ना कुणी विचारतंच. मास्त्रिख्तच्या त्या पुस्तकाच्या दुकानाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात ना, तेराव्या शतकातल्या डोमिनिकन चर्चमधल्या. बातमी खोटी नाही. प्रार्थनेला येणारे कमी झाले, छपराच्या डागडुजीचा खर्च मात्र कमी होत नाही. पण मी राहते त्या लायडनमध्ये चर्चच्या इमारतीत भलतंच काही चालणं ही चारशे वर्षांची जुनी रीत आहे.

१५७२ मध्ये हे गाव स्पेनच्या राजाविरुद्धच्या बंडात सामील झालं. चर्चं प्रोटेस्टंटांकडे गेली, कॅथलिक मठ जप्त झाले. १५७५ मध्ये विद्यापीठ निघालं, त्याला जागा हवी होती आणि मठ तर रिकामेच होते. १५८१ पासून विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे जोगिणींच्या मठाचं जुनं चॅपेल. आजही पीएचडीचे समारंभ तिथेच होतात.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र रापेनबुर्ग कालव्याजवळच्या बेगीन बायकांच्या, म्हणजे नन न होता एकत्र राहून धर्माचरण करणाऱ्या बायकांच्या, चर्चचं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्या एका छपराखाली विद्यापीठाचं ग्रंथालय होतं, शवविच्छेदनाचं गोल सभागृह होतं आणि तळाशी तलवारबाजीची शाळा! वर पुस्तकं वाचायची, खाली खणाखणी. विच्छेदन थंडीतच करायचे, प्रेत टिकावं म्हणून. तलवारबाजी शिकवणारे लुडॉल्फ व्हान कोयलन म्हणजे पायची (π, वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर) किंमत ३५ दशांश स्थळांपर्यंत काढणारे गणिती. ते १६१० मध्ये वारले. पीटर्सकर्क या चर्चमधल्या त्यांच्या थडग्यावर ते आकडे कोरले होते. मूळ दगड हरवला. २००० साली तिथे नवा बसवला.

उलटा प्रवासही झालाय. स्टेनस्खूर कालव्यावरचं लोडेवाइक चर्च आधी धर्मशाळेचं चॅपेल होतं, मग तिथे कापडाचा बाजार भरायचा. १२ जानेवारी १८०७ रोजी कालव्यात दारूगोळ्याचं जहाज फुटलं, आसपासची वस्ती भुईसपाट झाली, सुमारे दीडशे माणसं गेली. त्यानंतर तेव्हाचा इथला राजा लुई नेपोलियन, म्हणजे फ्रान्सच्या नेपोलियनचा भाऊ, याने तो कापडबाजार कॅथलिकांना देऊन टाकला. तोवर बिचारे बाहेरून घरासारख्या दिसणाऱ्या जागांत लपूनछपून प्रार्थना करत होते.

आणि पीटर्सकर्क? १९७१ मध्ये तिथली नेमाची उपासना बंद झाली. आता तिथे लग्नं, परिषदा, मेजवान्या, विद्यापीठाच्या परीक्षा. ८ फेब्रुवारीला, विद्यापीठाच्या वाढदिवशी, काळे झगे घातलेले प्राध्यापक मिरवणुकीने तिथे जातात. पायाखालची जमीन म्हणजे थडग्यांचे झिजलेले दगड; त्यांवरची नावं अर्धी पुसलेली, दगड वरखाली, त्यामुळे खुर्ची डुगडुगते. चित्रकार रेम्ब्रांटचे आईवडील याच चर्चमध्ये पुरलेत. परीक्षेचं मला काही वाटत नाही, पण त्या दगडांवर वाइनचे ग्लास किणकिणायला लागले की माझ्यातली कोकणी आजी जागी होते. शेजारच्या डच काकूंना हे बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, पूर्वी तर चर्चमध्ये कुत्री हिंडायची, त्यांना हाकलायला पगारी माणूस असायचा.

सगळीच चर्चं अशी नाहीत हं. मारेकर्क हे घुमटाचं चर्च सतराव्या शतकात प्रोटेस्टंटांसाठीच बांधलं, आणि रविवारी तिथे अजून उपासना होते. होखलांटसे कर्कमध्येही होते, आणि एरवी तिथे मैफली रंगतात.