उन्हात राहिलेले रीळ

घरून फोन आला की पहिला प्रश्न अजूनही तोच असतो: तू तिथे नक्की करतोस काय? टायरमधला दोरा रबराला घट्ट कसा चिकटेल ते पाहतो, असे सांगितले की पलीकडे क्षणभर शांतता पसरते, कारण टायरमध्ये दोरा असतो हेच अनेकांच्या गावी नसते. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

टायरमधला ताण प्रामुख्याने दोरा सोसतो. मात्र रबराची पकड सुटली, तर त्याच्या ताकदीचा काहीच उपयोग नसतो. सुती दोऱ्याच्या पृष्ठभागावरची बारीक तुसे रबरात रुतून बसत. रेयॉन आणि नायलॉनच्या अखंड, गुळगुळीत तंतूंना ती सोय नाही. त्यावरचा उपाय ड्यूपाँ या अमेरिकन रसायन कंपनीतील विल्यम चार्च यांच्या नावे 1938 पासून ओळखला जातो: रेसॉर्सिनॉल, फॉर्मल्डिहाइड आणि लेटेक्स (रबराचे बारीक कण असलेला द्रव) यांच्या मिश्रणात दोरा बुडवून तो भट्टीत तापवायचा. यातल्या पहिल्या दोन रसायनांपासून बनणारे रेझिन, म्हणजे राळेसारखा पदार्थ, तंतूला धरते आणि लेटेक्स व्हल्कनायझेशनच्या वेळी, म्हणजे गंधकासह तापवून रबर पक्के करताना, गंधकाच्या बंधांनी रबराशी जोडला जातो. पॉलिएस्टर मात्र हट्टी; त्याला आधी इपॉक्सी आणि आयसोसायनेट या रसायनांचा वेगळा थर द्यावा लागतो.

गेल्या महिन्यात असे प्रक्रिया केलेले एक रीळ मी चार दिवस खिडकीजवळ उघडेच ठेवले. त्याच्या बाहेरच्या थरातला दोरा रबरात बसवून केलेली पट्टी यंत्रावर सोलली, तेव्हा दोरा तपकिरी आणि स्वच्छ निघाला, रबराचा कणही त्यावर नव्हता. आतल्या थरातल्या दोऱ्यावर मात्र फाटलेल्या रबराचे काळे ठिपके दाट होते, म्हणजे सांधा टिकला आणि रबरच फाटले. माझ्या वरिष्ठ सहकारी बाईंनी आलेखाकडे पाहिलेही नाही. दोऱ्यावरून अंगठा फिरवून त्यांनी फक्त खिडकीकडे बोट दाखवले. प्रकाश आणि ओझोन यांमुळे दोऱ्यावरचा मिश्रणाचा थर निष्प्रभ होतो. रिळे काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली येतात ती धुळीसाठी, असे मी इतके दिवस समजत होतो!

फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक असल्याने त्याला पर्याय शोधणे हेच सध्या आमचे मुख्य काम आहे. प्लाझ्माने (विद्युतभारित वायूने) तंतूचा पृष्ठभाग क्रियाशील करता येतो खरा, पण तो परिणाम दिवसागणिक ओसरतो, त्यामुळे पुढचा थर लगेच द्यावा लागतो. माझा कल अजूनही बुडवण्याच्या पद्धतीकडेच आहे, फक्त तिच्यातले रसायन बदलायला हवे. नव्या मिश्रणाची पहिली रिळे भट्टीतून आली आहेत आणि या वेळी ती मी स्वतः काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली.