परवानाधारक मामा

हमरस्त्यावरच्या बारच्या पाटीवर 'परमिट रूम' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि आत बसलेल्या बहुतेकांच्या खिशात परमिट नसतं. महाराष्ट्रात दारू विकायलाच नव्हे, प्यायलाही परवाना लागतो. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिण्यावर सरसकट बंदी घातली. ज्याला राहवत नाही, त्याने सरकारकडून सूट मागून घ्यायची. म्हणजे कागदोपत्री आपण सगळेच दारूबंदीत राहतो. वर्धा-गडचिरोलीत ती खरोखरची आहे. (असावी.)

एका दिवसाचा परवाना देशीसाठी दोन रुपयांना आणि विदेशीसाठी पाच रुपयांना, दुकानातच फाडून मिळतो. तो मागणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिलेला नाही. आमच्या मामांनी मात्र हजार रुपये भरून, फोटो लावून, आजीवन परवाना काढलाय. लॅमिनेट करून तो आधार कार्डाच्या मागे जपून ठेवलाय. मामी म्हणते, "आपल्या लग्नाचं सर्टिफिकेट काढायला कधी वेळ झाला नाही तुम्हाला." बारमध्ये गेलं की मामा पाकीट मुद्दाम टेबलावर उघडं ठेवतात. कुणीतरी परवाना मागावा, एवढीच इच्छा. वेटर येतो आणि विचारतो, "सोडा की पाणी?"

स्कूटरच्या लायसनसाठी मामांना मैदानात आठचा आकडा काढून दाखवावा लागला होता, पाय टेकू न देता. इथे तसलं काही नाही. किती झेपते, चढल्यावर गाणं सुरू होतं की भांडण, परत घरी कोण नेणार, काहीच विचारत नाहीत. कारण म्हणून कागदावर लिहिलेलं असतं ते प्रकृती राखण्याचं! डॉक्टरांनी मामांना नेमकं याच कारणासाठी दारू सोडायला सांगितलीय. त्यामुळे या परवान्यात शाबासकी शोधू नये. सरकार फक्त "बरं, पी" म्हणालंय. पण तेवढ्यानेही मामा बाकीच्या टेबलांपेक्षा जरा ताठ बसतात, हे मी पाहिलंय.

वयाची अट तेवढी कडक आहे. बिअरला 21 पुरे, व्हिस्कीला 25 पूर्ण लागतात. मतदान 18 व्या वर्षी करता येतं, पण विधानसभेला उभं राहायलाही 25 च लागतात. व्हिस्की आणि आमदारकी एकाच वयाला झेपतात, हा हिशोब कुणी केला असेल कोण जाणे. मामांना विचारलं, तर म्हणाले, "त्यातलं एकच आपल्या बजेटमध्ये बसतं."