उजव्या डोळ्याचं कधी करताय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, डोळ्याचा कॉर्निया, म्हणजे पुढचा पारदर्शक पडदा, बदलण्याबद्दल. एकट्या तुम्हीच विचारता असं नाही. स्टाफरूममध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, सातारा स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघताना विचारतात. परवा नेत्रदान पंधरवड्याच्या कार्यक्रमात दोन शब्द बोलून खाली बसले, तर शेजारच्या खुर्चीतल्या पालक बाईंनीही पहिलं तेच विचारलं. "डाव्या डोळ्याचं झालं ना मॅडम छान? मग उजव्याचं कधी करताय?" साडेतीन वर्षं मी "बघू, मेच्या सुट्टीत" म्हणते आहे. मेच्या चार सुट्ट्या गेल्या.

"छान झालं" या शब्दांपासूनच आपली चुकामूक होते. तुमच्या मनात मोतीबिंदूचं ऑपरेशन असतं. आमच्या सासूबाईंचं झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली एकादशी वाचून दाखवली. माझी पट्टी निघाली तेव्हा आंघोळीनंतर वाफ धरलेल्या आरशात बघावं तसं सगळं होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यातली कॉर्नियाची चकती माझ्या डोळ्यावर सोळा टाक्यांनी शिवलेली. धागा केसाहून बारीक. त्यातला एक टाका जरा घट्ट बसला की पारदर्शक पडदा त्या बाजूला ओढला जातो आणि सरळ रेघ तिरकी दिसते. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो काचेसारखा स्वच्छ असतो. आणि रक्त नाही म्हणूनच तिथली जखम भरायला महिनोन्‌महिने लागतात. टाके एक-दोन, एक-दोन करत सव्वा वर्ष काढत होते आणि दर वेळी नंबर बदलत होता. त्या सव्वा वर्षात नववीच्या बीजगणिताच्या वह्या मी कशा तपासल्या ते माझं मला माहीत. घातांकातला २ आहे की ३, हे मुलाला जवळ बोलावून विचारायचे आणि "अक्षर नीट काढ" म्हणून त्यालाच रागवायचे. त्या मुलांची माफी मागायची राहून गेली आहे.

आज डाव्या डोळ्याला चष्म्याने ६/१८ दिसतं (चांगली नजर म्हणजे ६/६) आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स घातली तर ६/९. ती लेन्स रोज सकाळी सलाईनने काठोकाठ भरायची, मान खाली घालायची आणि एकही बुडबुडा न राहू देता डोळ्याला लावायची. हे छान आहे. मी तक्रार करत नाही. ऑपरेशनच्या आधी या डोळ्याने मला हाताची बोटं मोजता येत नव्हती. पण तुम्ही समजता तसं ते "झालं" नाही. ते चालू आहे.

आणि जुलै २०२३ बद्दल मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

त्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ होती, आठवत असेल. आळंदीत सुरू झाली आणि बघता बघता पुणे जिल्हाभर आणि राज्यभर पसरली. शाळेत रोज वर्गातली पाच-सहा मुलं काळे चष्मे लावून यायची, मग आम्ही त्यांना घरी पाठवायचो. एका सोमवारी माझा डावा डोळा लाल झाला. मुख्याध्यापिका दारातच म्हणाल्या, "मॅडम, तुम्हालाही आले वाटतं. जा घरी, चार दिवस आराम करा." मेडिकलवाल्याने न विचारता साथीचे थेंब दिले, तो दिवसाला अशा पन्नास बाटल्या देत होता. घरात माझा टॉवेल वेगळा झाला, ताट वेगळं झालं. सासूबाईंनी गुलाबपाण्याच्या पट्ट्या करून दिल्या.

मेडिकलवाल्याला, मुख्याध्यापिकांना, साथीला मी पुढे दोन वर्षं दोष दिला. पण सोमवारी रात्री आरशासमोर उभी राहिले तेव्हा मला काय दिसलं ते सांगते. चिपडं नव्हती. घरात ज्यांचे डोळे आले होते त्यांच्या पापण्या सकाळी चिकटलेल्या असायच्या, कोमट पाण्याने सोडवाव्या लागायच्या. माझा डोळा कोरडा लाल होता, काळ्या बुबुळाच्या कडेकडेने जास्त. बाथरूमचा साधा बल्ब डोळ्यात घुसत होता. आणि नळाच्या तोटीभोवती हलकं धुकं होतं. डिस्चार्ज देताना मिळालेल्या कागदावर हेच लिहिलेलं होतं: लाली, उजेड सहन न होणं, अंधूक दिसणं, दुखणं. यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी यायचं. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. साडी काढायला मी रोज ते दार उघडत होते.

तरी मी चार दिवस काढले. का, ते आता सांगते. शरीराने परका पडदा नाकारू नये म्हणून स्टेरॉईडचा जो थेंब रोज एकदा घालायचा होता, तो मी तीन आठवड्यांपूर्वी बंद केला होता. बाटली संपली, नवी आणली नाही. विसरले म्हणाले तर खोटं होईल. त्या थेंबांनी डोळ्याचं प्रेशर एकदा ३२ वर गेलं होतं, एरवी ते २१ च्या आत असावं लागतं. त्यांनीच मोतीबिंदू लवकर येतो हेही वाचलं होतं. दीड वर्ष होत आलं, आता डोळ्याने तो पडदा आपला मानला असेल, असं मी माझं ठरवून टाकलं. गणित शिकवणारी बाई मी, आणि हातात एकही आकडा नसताना उत्तर काढून मोकळी झाले. पुण्याला जायचं म्हणजे हे सांगावं लागणार होतं. म्हणून साथीचे थेंब घालत राहिले.

शुक्रवारी सकाळी उजवा डोळा झाकून खिडकीकडे बघितलं तर खिडकी होती, गज नव्हते.

पुण्यात डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग सहायकाला बोलावून दाखवलं, "ही रेघ बघ." पडद्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेशींची एक रेघ कडेकडून मध्याकडे सरकत होती. ती जिथून पुढे गेली होती, तिथला भाग पाणी धरून सुजला होता. आतल्या थरातल्या पेशींचं काम पाणी बाहेर फेकायचं. त्या मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत, उरलेल्या पसरून जागा भरतात तेवढंच. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "थेंब चालू होते ना?"

मी "हो" म्हणाले.

त्यांनी तेच फाइलवर लिहिलं. आजही तिथे तेच लिहिलेलं आहे.

इंजेक्शन दिलं आणि जागेपणी दर तासाला थेंब सुरू झाले. ह्यांनी मोबाईलवर पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचे गजर लावले. ते औषध तळाशी बसतं, म्हणून बाटली आधी हलवावी लागते. दर तासाला कानाशी तो बारीक आवाज आणि मग ह्यांचं "वर बघ". दोन आठवडे ते बिचारे माझं नशीब वाईट समजून थेंब घालत होते. पडदा वाचला. पण पेशी मोजल्या तेव्हा दर चौरस मिलिमीटरला आधीच्या २,१०० च्या जागी जेमतेम हजार उरल्या होत्या. प्रेशरचे थेंब कायमचे मागे लागले, मोतीबिंदूचीही सुरुवात झाली आहे.

म्हणून उजव्याचं करत नाही, असं मी इथवर लिहून थांबले असते तर तुम्हाला पटलं असतं. मलाही इतके दिवस पटत होतं. पण डॉक्टर म्हणतात ते ऐका. डाव्या डोळ्यात आतला पडदाच फाटून पाणी भरलं होतं, म्हणून पूर्ण जाडीचा कॉर्निया बदलावा लागला. उजव्याचा आतला थर शाबूत आहे. तिथे फक्त पुढचे थर बदलता येतील, आतल्या पेशी माझ्याच राहतील, आणि जुलैत झालं तसं आतल्या थराचं रिजेक्शन, म्हणजे शरीराने तो थर नाकारणं, तिथे होणार नाही. शस्त्रक्रिया चालू असताना तो थर फाटला तर मात्र पुन्हा पूर्णच करावं लागेल, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे माझ्या भीतीचा मोठा भाग या डोळ्याला लागूच होत नाही. हे मला कळतं. तरी तारीख घ्यायची वेळ आली की माझ्या कानाशी ती बाटली हलते.

मग मी दुसरं कारण पुढे करते. उजवा डोळा लेन्सने अजून ६/१२ बघतो. ज्यांना दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसत नाही असे लोक यादीत आहेत, तो पडदा त्यांना मिळावा. हे मी मनापासून म्हणते. माझ्या डाव्या डोळ्यावर पडदा आहे तो कुणाच्या तरी घरच्यांनी रडता रडता सहा तासांच्या आत हो म्हटलं म्हणून, आणि त्या माणसाचं नावसुद्धा मला कधी कळणार नाही. तो मी तीन आठवड्यांच्या आळसात घालवत होते. आळस नाही, अहंकार. आता दुसऱ्या घराकडून पुन्हा तेच मागायला तोंड होत नाही. पण खरं सांगू, डॉक्टरांनी उद्या म्हटलं की पडदे भरपूर आहेत, तरी मी "मेच्या सुट्टीत" असंच म्हणेन.

पहिलं यशस्वी कॉर्निया रोपण १९०५ साली झालं, आजच्या चेक देशातल्या ओलोमोउत्सला, डॉ. एडुआर्ड झिर्म यांच्या हातून. रुग्ण चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला मजूर होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर एकाच मुलाच्या डोळ्यातलं पटल बसवलं. एका डोळ्यातलं गेलं, एकातलं टिकलं. कार्यक्रमात मी ही गोष्ट दरवर्षी सांगते आणि टिकलेल्या डोळ्याचंच सांगते, तो माणूस पुन्हा कामाला लागला वगैरे. मुलांना तेच सांगायला हवं. पण मी स्वतः विचार करते तो गेलेल्या डोळ्याचा. डॉक्टर तेच, देणारा तोच, घेणाराही तोच.

सकाळी उठल्यावर, लेन्स घालायच्या आधी, एक डोळा तळहाताने झाकून रोज त्याच जागेवरून तीच वस्तू बघायची, हा डॉक्टरांनी घालून दिलेला नियम मी आता चुकवत नाही. पलंगावरून समोरचं कॅलेंडर बघते. डाव्याने तारखेचा मोठा आकडा दिसतो, खालची तिथी दिसत नाही. उजव्याने एकावर एक तीन आकडे दिसतात, मागच्या वर्षी दोन दिसायचे.

पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. फाइलच्या आत मी पेन्सिलने दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत, एक त्या तीन आठवड्यांबद्दल आणि एक उजव्या डोळ्याबद्दल. पहिली आधी सांगायची आहे, आणि सांगताना हे शेजारी बसलेले असतील.