पुराच्या गावात जुन्या सीपीयूचं नॅस : माझा अनुभव

सांगलीत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्याला पावसाळ्यात कॅमेऱ्याइतकंच नदीकडे लक्ष द्यावं लागतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचा स्टुडिओ गावभागात. हार्ड डिस्कची पेटी वेळेत माडीवर नेली म्हणून लोकांच्या लग्नाचे फोटो वाचले. तेव्हाच ठरवलं, की सगळ्या डेटाची एक प्रत सांगलीबाहेर असलीच पाहिजे.

तयार नॅसचे, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइल ठेवता-घेता येतील अशा डिस्कच्या डब्याचे, भाव काढले. दोन डिस्क मावतील असा डबा मिळतो, पण तो रिकामा. डिस्कचे पैसे वेगळे. असे दोन घ्यायचे, एक इथे आणि एक मिरजेला बहिणीच्या घरी, हे काही जमण्यासारखं नव्हतं. माळ्यावर मात्र दोन जुने सीपीयू पडून होते. दोन्ही दुसऱ्या पिढीचे आय-थ्री, एच-६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम. फोटोशॉपला ते केव्हाच पुरेनासे झाले होते, पण नेटवर्कवरून फाइल घ्यायला-द्यायला प्रोसेसर फारसा लागत नाही. डिस्क जोडायला चार साटा पोर्ट आणि गिगाबिट लॅन (सेकंदाला १००० मेगाबिटचं केबलचं नेटवर्क), एवढ्यावर काम भागतं.

ब्लोअरने धूळ काढली, प्रोसेसरची पेस्ट बदलली, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारे डबे) चांगल्या कंपनीचे नवे घातले. इथे काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एसएमपीएस जळताना डिस्कही घेऊन जातो. बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना चालणारा मूळ प्रोग्रॅम, त्याच्या सेटिंग जपणारे सीमॉसचे सेलही बदलले. बायोसमध्ये वीज आली की मशीन आपोआप सुरू व्हावं अशी सेटिंग असते, आणि सेल संपला की ती पुसली जाते.

जुन्या डिस्क वापरायच्या की नाही, हे स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघून ठरवलं. ‘रीअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (खराब झाल्याने बदललेले आणि संशयित भाग) या दोन ओळी शून्य हव्यात. बहुतेक डिस्कवर त्या शून्य नव्हत्या, त्या सरळ बाद केल्या. खरा खर्च झाला तो नव्या ४ टीबीच्या डिस्कवर. घेताना सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे याची खात्री केली. पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी एसएमआर डिस्क स्वस्त पडते, पण मोठा डेटा सलग लिहायला लागलो की तिचा वेग फार पडतो. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं होतं, त्यामुळे खोक्यावरच्या नावावर न जाता मॉडेल नंबर तपासावा.

सॉफ्टवेअर म्हणून ओपनमीडियाव्हॉल्ट निवडलं. ते डेबियन या लिनक्सवर चालतं, फुकट आहे आणि ४ जीबी रॅममध्ये आरामात बसतं. ट्रूनॅसही चांगलं, पण त्याला किमान ८ जीबी रॅम हवी. सिस्टिम एका जुन्या छोट्या एसएसडीवर टाकली, डेटाच्या डिस्क वेगळ्या ठेवल्या.

पहिली कॉपी सुरू केली तर वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. हा आकडा दिसला की लिंक १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिटवर) अडकली आहे असं समजावं. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. भिंतीतल्या केबलच्या टोकाला तपकिरी तार कनेक्टरच्या पिनपर्यंत पोचलीच नव्हती. टोक कापून नवा कनेक्टर क्रिंप केला आणि वेग ११० वर गेला. एका लग्नाचा ३०० जीबी डेटा कॉपी व्हायला सात-साडेसात तास लागले असते. तो पाऊण तासात उतरला.

सगळे रेडचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याचा, आग्रह करतात. रेड-१ मध्ये दोन्ही डिस्कवर तोच डेटा लिहिला जातो, त्यामुळे एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही हे खरं, पण चुकून उडवलेला फोल्डर दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी जातो. म्हणून मी दुसऱ्या डिस्कवर आरस्नॅपशॉट हा बॅकअपचा प्रोग्रॅम लावला. रोज रात्री त्या दिवसाची प्रत तयार होते आणि न बदललेल्या फाइल पुन्हा जागा खात नाहीत. मागच्या मंगळवारी फोल्डर कसा होता, हे आज उघडून बघता येतं. सोबत एसएमबीची (विंडोजच्या मशीनना नेटवर्कवरून फाइल देण्या-घेण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती बंद केली. २०१७ च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय हे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर त्याच वाटेने पसरलं होतं. स्कॅनरसाठी ठेवलेल्या विंडोज एक्सपीच्या मशीनला दुसरी आवृत्ती कळत नाही, म्हणून ते नेटवर्कवरून काढलं.

मिरजेच्या मशीनची पहिली प्रत स्टुडिओतच लॅनवर भरली आणि मग सीपीयू रिक्षातून नेला. एवढा डेटा इंटरनेटवरून पाठवत बसण्यात अर्थ नव्हता. आता ते बायोसच्या अलार्मवर रात्री एक वाजता स्वतः सुरू होतं, टेलस्केल या खासगी जोडणीच्या सॉफ्टवेअरमधून स्टुडिओशी जोडलं जातं, आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने त्या दिवसाचं नवं काम ओढून घेतं आणि बंद होतं. बहिणीला फक्त प्लग काढू नकोस एवढंच सांगितलं आहे. ओढून घेणारं मशीन मिरजेचं आहे ही व्यवस्था मुद्दाम केली आहे. स्टुडिओच्या मशीनकडे मिरजेचा पासवर्डच नाही, त्यामुळे इथे व्हायरस शिरला तरी त्याला तिथली प्रत पुसता येणार नाही. विजेचाही प्रश्न सुटतो : स्टुडिओचा डबा चोवीस तास साधारण ४० वॅट घेतो, म्हणजे महिन्याला २९ युनिटच्या आसपास, मिरजेचा रात्री थोडा वेळच चालतो.

सगळं लागल्यावर मिरजेला गेलो, एका जुन्या लग्नाचा अख्खा फोल्डर तिथल्या डिस्कवरून लॅपटॉपवर घेतला आणि रॉ (कॅमेऱ्यातल्या मूळ) फाइल एकेक उघडून पाहिल्या. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळ्या उघडल्या, मराठी नावांचे फोल्डरही जसेच्या तसे होते. ही तपासणी आता दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत करतो. आयर्विनची पातळी ३५ फुटांवर गेली की स्टुडिओचा सीपीयू बंद करून माडीवर न्यायचा, हे मुलांना सांगून ठेवलं आहे. त्याच्या केबलवर लाल टेप लावली आहे, म्हणजे मी गावात नसलो तरी कोणालाही सोडवता येईल.